उंदरांचा खुराक आणि आमचे भावोजी

आमच्या भावोजींना सगळी गल्ली 'प्रोफेसर' म्हणते. थट्टेनं म्हणते, हे भावोजी सोडून सगळ्यांना कळतं. कोपऱ्यावरचा सायकलवाला "काय प्रोफेसर, काय नवीन संशोधन?" असं विचारतो आणि हे थांबून, चष्मा वर सरकवून त्याला खरंच सांगायला लागतात. तो बिचारा पंक्चर काढता काढता मान डोलावतो. मी समोरच्या दुकानातून बघत असते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, फाटलेली अस्तरं शिवणं, असलं सगळं. दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, माझी ताई आणि हे तिचे यजमान राहतात. म्हणजे या माणसाचं जाणं-येणं माझ्या डोळ्यांसमोरून होतं आणि त्यातून माझी सुटका नाही.

प्रोफेसर वगैरे काही नाहीत ते. गावाबाहेर एक संशोधन संस्था आहे, तिथल्या प्राणीघरात ते उंदरांची देखभाल करतात. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाणं टाकायचं, एखादा मेला तर बाहेर काढायचा. कष्टाचं काम आहे, कामाला मी नावं ठेवणार नाही. ठेवते ती यांना. उंदरांच्या शेजारी उभं राहून राहून यांना वाटायला लागलं की संशोधन आपणच करतोय. "आम्ही सध्या मेंदूवर काम करतोय," असं एका लग्नाच्या जेवणात शेजारच्या पाहुण्याला सांगताना मी या कानांनी ऐकलंय. वय झालं, निवृत्त झाले, तरी सकाळचा अर्धा दिवस जातातच. का, तर उंदरांना नव्या माणसाचा वास चालत नाही म्हणे. उंदरांना चालत नाही की यांना घरात बसवत नाही, देव जाणे.

ताई बेकरीत काउंटरवर होती. उभा जन्म तिथं गेला तिचा. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा नेहमीचा पाव ती कागदात गुंडाळून मोकळी व्हायची. कुणाला कडेचा करपलेला लागतो, कुणाच्या घरी दात नसलेली म्हातारी आहे म्हणून मऊ लागतो, सगळं तिच्या डोक्यात. आणि बोलायची किती! दहा बायका रांगेत असल्या तरी अकरावीला "काय गं, सर्दी गेली का?" विचारल्याशिवाय सोडायची नाही. अशी ही बाई एक दिवस तोच पाव गुंडाळायला लागली, सोडायला लागली, परत गुंडाळायला लागली. बेकरीवाल्यानं हळूच मला बोलावून घेतलं. तो रडवेला झाला होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याचे फोटो काढले आणि स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. वाढत जाणार, हळूहळू, पण वाढतच जाणार.

त्या दिवशी घरी आल्यावर ताईला खुर्चीत बसवून भावोजी स्वयंपाकघरात गेले. चहा करायला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तिथून मला हाक मारून विचारतात, "अगं, हिला साखर किती लागते?"

मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं त्या बाईनं यांच्या हातात कप दिला, समोर बसून स्वतःचा प्यायली, आणि या माणसाला ती साखर घालते की नाही हेच माहीत नाही! उंदरांनी किती पाणी प्यायलं ते मात्र बाटलीवरच्या रेघेवरून सांगतील.

"नाही लागत," मी म्हणाले. "कधीच लागत नव्हती."

"असं होय," म्हणाले, जसं काही मी त्यांना नवीन शोध सांगितला.

तर संशोधनाचं असं की त्यांच्या संस्थेत एक मॅडम आहेत. त्या खाण्याच्या पदार्थांतून निघणाऱ्या सत्त्वांवर काम करतात. पिझ्झ्यावर भुरभुरवतात ती रोझमेरी माहीत आहे ना? तिच्या पानात म्हणे एक सत्त्व असतं, ते मेंदूची सूज कमी करतं, मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी तुटलेले धागे परत जुळवतं. म्हणजे जुळवत असेल, असं वाटतं. पण ते सत्त्व नुसतं ठेवलं तर हवेनं खराब होतं. म्हणून त्याच्यावर एक कोट चढवायचा, आणि पोटात गेलं की कोट आपोआप उतरतो. ते पिठात कालवून, त्याच्या कांड्या पाडून, म्हाताऱ्या विसराळू उंदरांना खायला घालायचं. मग त्यांची परीक्षा. मोठ्या गोल टबात पाणी भरायचं, दुधाची पावडर घालून ते पांढरं करायचं, आणि पाण्याखाली दिसणार नाही असा एक ठोकळा ठेवायचा. उंदीर सोडला की तो पोहत पोहत ठोकळा शोधतो आणि वर चढून बसतो. ज्याला जागा आठवते त्याला तो पटकन सापडतो, ज्याला नाही आठवत तो गोल गोल फिरत राहतो. हे सगळं मला भावोजींनीच इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

मॅडम हुशार बाई असाव्यात, कारण कुठल्या पिंजऱ्याला सत्त्वाचं खाणं आणि कुठल्याला साधं हे त्या कुणालाच कळू देत नाहीत. अर्ध्या पिंजऱ्यांना लाल पट्टी, अर्ध्यांना निळी. खाण्याच्या डब्यांना पण तसंच. नाहीतर बघणाऱ्याला आपल्याला हवं तेच दिसतं. हे सुद्धा भावोजींनीच मला समजावून सांगितलं. आणि सांगून झाल्यावर डोळा मिचकावून म्हणाले, "पण मला कळलंय. लाल पट्टीवाले! काय चलाख झालेत म्हणून सांगू. माझी पावलं ओळखतात."

"अहो, खाणं घालणारा माणूस आला की कुत्रंसुद्धा ओळखतं," मी म्हणाले.

"तुला नाही कळायचं," म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जगातलं जे काही आहे ते मला कळायचं नाही आणि यांना आपसूक कळतं.

सकाळी ते संस्थेत गेले की ताई माझ्या दुकानात असायची. तिला मी जुन्या बटणांचा डबा द्यायची, ती रंगांप्रमाणे लावत बसायची, पांढरी एकीकडे, काळी एकीकडे, मग सगळी परत एकत्र. दुपारी भावोजी येऊन तिला वर न्यायचे. मग थोड्या दिवसांनी तिचं पोट बिघडायला लागलं. रोज सकाळी मी तिला न्हाऊ घालायला जायची, तेव्हा बिचारी कळवळायची. मी म्हटलं, खातेय तरी काय ही? भावोजींना विचारलं तर म्हणाले, "खीर." बरं. एका सकाळी मिक्सरचं भांडं घासायला घेतलं तर तळाशी करडा चुरा चिकटलेला. वास घेतला. जनावरांच्या दुकानात येतो तसा वास. शेजारी पिशवी होती, तिच्यात बोटाएवढ्या करड्या कांड्या.

मी पिशवी घेऊन बाहेर आले. "भावोजी, हे काय?"

ते बूट घालत होते. मान वर न करता म्हणाले, "उरलेलं आहे. नाहीतरी टाकूनच देतात."

"उंदरांचं?"

"लाल पट्टीचं," म्हणाले. असा अभिमान त्या आवाजात, जसं काही मिठाईच्या दुकानातून खास डबा आणलाय.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण खालच्या सायकलवाल्यानं काम थांबवून वर बघितलं होतं एवढं आठवतं. माझ्या बहिणीला उंदरांचा खुराक! जिनं या माणसाला जन्मभर गरम पाव भरवला तिला हा पिंजऱ्यातलं उरलेलं दळून खिरीत घालतो! मी ताईला घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ऐकलं, हसू आवरत होते की राग, कोण जाणे. मग म्हणाले, यात विष नाही, पण हिचं पोट हे सोसायचं नाही. आणि गुण येईल म्हणाल तर उंदरावर दिसलं म्हणून माणसावर दिसेल असं नाही, अशी कित्येक सत्त्वं उंदरांपाशी येऊन थांबलीत. रोझमेरीचंही खरं-खोटं व्हायला वर्षं जातील. हे मी भावोजींना जसंच्या तसं सांगितलं.

"डॉक्टर काय," ते म्हणाले, "पुस्तकातलं सांगतात. मी डोळ्यांनी बघतोय."

आणि त्यांनी कांड्या आणणं काही सोडलं नाही. फक्त कमी घालायला लागले आणि मिक्सर बाल्कनीत नेऊन ठेवला, मला दिसू नये म्हणून. मी दरवेळी पिशवी कचऱ्यात टाकायची, ते दुसरी आणायचे.

त्याच बाल्कनीनं घात केला. एका दुपारी हे तिथं मिक्सर लावून बसले, त्या घरघरीत दार उघडल्याचं यांना ऐकू आलं नाही, आणि ताई निघाली. अनवाणी. मी नेमकी गिऱ्हाइकाचं माप घेत होते, पाठ रस्त्याकडे. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बस डेपोतून एक कंडक्टर तिचा दंड धरून घेऊन आला. ती बसच्या मागच्या चाकाशी बसली होती, म्हणाला. ड्रायव्हरनं गाडी मागे घ्यायच्या आधी कुणीतरी ओरडलं म्हणून बरं. तिच्या तळपायाला फोड आले होते. मी तिचे पाय कोमट पाण्यात धुतले आणि रडले. भावोजी पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "म्हणजे बघ, डेपोचा रस्ता आठवला तिला. पूर्वी बेकरीला जायची त्याच बसनं."

त्या क्षणी माझ्या हातात घमेलं होतं. ते मी त्यांच्या डोक्यात घातलं नाही, यासाठी मला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं.

मी भाचीला फोन केला. तिला आम्ही लाडानं चिमी म्हणतो, आता चिमी कसली, चांगली पोक्त बाई झालीय. दुसऱ्या गावात नोकरी, नवरा, सासूसासरे, दोन खोल्या. एकुलती एक. तिला सगळं सांगितलं, डेपो, चाक, सगळं. ती आधी रडली, मग शांत झाली आणि कामाला लागली. तिच्या घराजवळ अशा माणसांसाठी एक निवास होता, शिकलेल्या परिचारिका, कुंपण घातलेली बाग, दाराला घंटा. तिथं तिनं आईसाठी जागा मिळवली. "न्यायला येते मावशी," म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं! ताई माझ्यापासून लांब जाणार याचं वाईट वाटलं, पण जिवंत तरी राहील. मी तिचे कपडे काढून सगळ्यांना आतून नावाच्या पट्ट्या शिवल्या, तिथं तसं लागतं म्हणून.

भावोजींना हे कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग दोन दिवस पेपरात तोंड खुपसून बसले. नंतर एकदम उत्साहात आले. "चिमीला येऊ दे तर खरं," म्हणाले. "आईनं तिला ओळखलं तर? मग तर नेण्याचं कारण नाही ना? गुण यायला लागलाय. मला दिसतोय."

"ती मला ओळखत नाही, मी रोज न्हाऊ घालते तिला."

"तू बघच."

आणि खरंच काहीतरी चाललं होतं. दुपारी वरून आवाज यायचे. भावोजींचा आवाज, मग थोडी शांतता, मग ताईचा अस्पष्ट काहीतरी शब्द, मग भावोजींचं "शाब्बास!" मला वाटलं, बरंय, निदान तिच्याशी बोलतोय तरी हा माणूस. इतक्या वर्षांत ती बोलायची आणि हे पेपर वाचायचे. यांच्या शर्टाच्या खिशात बेदाणे असायचे, वरचे कपडे मी धुवायला घेतले की चिकटलेले मिळायचे. म्हटलं, म्हातारपणी गोड खावंसं वाटत असेल.

चिमी आली ती रविवारी. मी दुकान बंद करून वर गेले होते. ताईला नवी साडी नेसवली होती, केस विंचरले होते. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि भावोजी तिच्या खुर्चीमागे उभे, एक हात खिशात. चिमी दारात थांबली. तिच्या चेहऱ्यावर अशी भीती होती, परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी असते तशी.

भावोजी वाकून ताईला म्हणाले, "कोण?"

ताईनं वर बघितलं. आणि स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "चिमी."

चिमीनं बॅग टाकली आणि धावत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. हमसून हमसून रडली. भावोजींच्या डोळ्यांतही पाणी. मला सुद्धा क्षणभर हुंदका आला, खोटं कशाला बोलू. मग माझं लक्ष ताईच्या तोंडाकडे गेलं. ती आ करून बसली होती. मुलगी मांडीवर रडतेय आणि आई तोंड उघडून, मान वर करून, मागे उभ्या नवऱ्याकडे बघतेय. भावोजींनी खिशातून बेदाणा काढला आणि पटकन तिच्या तोंडात टाकला.

मी गप्प बसले. का बसले? कारण पोरीचे ते रडणारे खांदे बघवत नव्हते. म्हटलं, थोड्या वेळानं सांगू.

पण थोड्या वेळानं चिमी उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "बाबा, मला वाटतं आईला नाही हलवायला पाहिजे. ती सुधारतेय. ओळखीच्या घरात राहिली तर आणखी सुधारेल." भावोजींनी असे हात चोळले, जसं काही त्यांना मोठं मानपत्र मिळालंय. मग जेवताना त्यांनी तिला सगळं सांगितलं, रोझमेरी, कोट, टब, दुधाची पावडर, लाल पट्टी. चिमी घास घेत ऐकत होती, हो हो म्हणत होती. संध्याकाळच्या गाडीनं ती गेलीही. निघताना आईला तिनं बराच वेळ धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला न्हाऊ घालायला वर गेले. भावोजी कामावर जायला निघत होते. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्यावर एका दाढीवाल्या माणसाचं छापील चित्र, ट्रॅक्टरवर बसलेला. मी ते काढलं, ताईसमोर धरलं आणि भावोजींच्या देखत म्हणाले, "कोण?"

"चिमी," ताई म्हणाली आणि तोंड उघडलं.

मी भावोजींकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"उंदरासारखं शिकवलंत तिला," मी म्हणाले. "हे आठवणं नाही. हे तोंड उघडणं आहे. तिच्या लेकीचं नाव म्हणजे तिला खाऊ मागायचा शब्द वाटतोय आता! लाज नाही वाटली? आणि वर तुमची ती कांड्यांची पावडर, तिचा गुण आला म्हणून सांगितलंत पोरीला!"

"पावडरीचं काही नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. तोंडातल्या तोंडात, बुटाची नाडी बांधत, सोडत. मॅडमनी निकाल काढला होता. निळ्या पट्टीवाल्यांना सत्त्व होतं. त्यांना थोडा फरक पडलाही म्हणे, पुढे बघायला हवं म्हणाल्या. लाल पट्टीचं खाणं साधं पीठ होतं. यांचे ते चलाख, यांची पावलं ओळखणारे लाल पट्टीवाले उंदीर म्हणजे नुसतं पीठ खाऊन टबात गोल गोल फिरणारे होते. हा माणूस इतके महिने माझ्या बहिणीला काहीच नसलेलं दळून घालत होता. खरं सत्त्व असतं तरी उपयोग झाला असता असं नाही, पण यांनी ते सुद्धा नाही आणलं. उंदरांमधूनसुद्धा यांना नेमके चुकीचे उंदीर निवडता आले!

"कधी कळलं हे?" मी विचारलं.

"चिमी येण्याच्या आदल्या आठवड्यात."

"आणि तरी तिला थाप मारलीत?"

"तिनं हिला नेलं असतं."

"मग नेऊ द्यायचं होतं! तिथं दाराला घंटा आहे, परिचारिका आहेत. इथं काय आहे? परत बसच्या चाकाखाली सापडली तर?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग मी दुपारी घरी येऊन काय करू?" म्हणाले.

ऐका! बायकोचा जीव जातोय आणि यांना यांच्या दुपारची काळजी. जन्मभर ती बोलत होती तेव्हा यांनी पेपरातून मान काढली नाही. आता तिला बोलायला येईना, तेव्हा यांना सोबत हवीय. इतका स्वार्थी, इतका बावळट, इतका निगरगट्ट माणूस मी दुसरा बघितला नाही. हे सगळं मी त्यांना तोंडावर म्हणाले, अगदी याच शब्दांत. मी म्हटलं, "मी आत्ता खाली जाऊन चिमीला फोन करते. सगळं सांगते. संध्याकाळपर्यंत ती परत येईल आणि आईला घेऊन जाईल." आणि मी ताईचा हात धरून जिना उतरले.

दुकान उघडलं. ताईला बटणांचा डबा दिला. फोन लावला. चिमीनं लगेच उचलला.

मी सगळं सांगितलं. बेदाणे सांगितले, ट्रॅक्टरवाला सांगितला, लाल पट्टीचं पीठ सांगितलं. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पोरीला धक्का बसलाय. म्हटलं, "घाबरू नकोस गं. अजून जागा असेल ना तिथं? आजच ये."

"मावशी, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"धावत आले तेव्हा तिचं उघडलेलं तोंड दिसलं, तेव्हाच कळलं. लहानपणी बाबा मला न्यायचे ना प्राणीघरात. बेदाणे देऊन उंदीर कसे शिकवतात ते मी बघत बसायचे. मलाही द्यायचे त्यातले."

"मग तू तशीच गेलीस?"

"ती जागा मी येण्याआधीच सोडली होती," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "ती इथं आली असती तर मला रोज जावं लागलं असतं. ती मला ओळखणार नाही आणि मी रोज जाऊन तिच्यासमोर बसायचं. मला नाही जमणार गं. हेच सांगायला आले होते काल. तोंडातून निघेना. आणि मग तिनं नाव घेतलं, आणि मला वाटलं, चला, सुटले."

"चिमे!"

"शिव्या दे मला. दे. पण बाबांना नको सांगूस. त्यांना वाटतंय त्यांनी आईला राखलं."

तिनं फोन ठेवला. मी किती वेळ तो हातात धरून बसले होते. म्हणजे आमची ताई, जिला अकराव्या बाईची सर्दी लक्षात राहायची, तिला न्यायला कुणी येणारच नव्हतं. नवऱ्यानं थाप मारली नसती तरी नाही. लेकीची तयारी होतीच, फक्त तिला एक कारण हवं होतं आणि आमच्या मूर्ख प्रोफेसरांनी ते तिला आयतं दिलं. बेदाण्यासकट. मला इतका संताप आला की हातातली कात्री टेबलावर आपटली. ताई दचकली. मग बटणं वेचायला लागली.

दारात सावली पडली. भावोजी होते. कामावर गेलेच नव्हते. जिन्याखाली उभे राहिले असणार, आत यायची हिंमत होत नसणार. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात गेलेलं. मान खाली घालून म्हणाले, "सांगितलंस तिला?"

जिभेवर सगळं तयार होतं. माझी जीभ कुणासाठी थांबलेली नाही आजवर, आणि या माणसासाठी तर कधीच नाही.

"लागला नाही फोन," मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. भिंतीला टेकले. मग तोंडावरून हात फिरवून, जरासे हसून सुद्धा, म्हणाले, "नको लावूस परत. तिला कळलं तर ती हिला घेऊन जाईल बघ. आईवर फार जीव आहे तिचा."

मी मशीनमध्ये दोरा ओवत होते. दोरा सुईत जात नव्हता.

"हो ना," मी म्हणाले. "लगेच येईल न्यायला."